ब्रेक माझे शाबूत होते

मित्रांनो, फोन जरा खिशात ठेवा. फोटो नंतर काढा. आधी माझं ऐकून घ्या, कारण मला राग आला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

मी एक जुनी मिनीबस आहे. यानापाता गावाच्या वरच्या रस्त्यावर, निलगिरीच्या झाडांखाली मी उभी असते. माझ्या अंगावर पिवळा सूर्य, हसरे लामा आणि इंद्रधनुष्य रंगवलेलं आहे. येणारे-जाणारे मला बघून म्हणतात, "अय्या, किती गोड!" मित्रांनो, मी गोड नाही. हे रंग मी मागितले नव्हते.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. जहाजातून मी पेरूच्या किनाऱ्याला लागले आणि तिथून डोंगर चढत चढत उरुबांबा नदीच्या खोऱ्यात आले. तेव्हा माझा रंग साधा राखाडी होता. पहिल्या दिवशी माझ्या चाकांवर बिअर ओतली गेली, आरशांना फुलं बांधली गेली आणि एका म्हाताऱ्याने डोंगरदेवांची नावं घेऊन माझ्या नाकावर कोकाची पानं ठेवली. त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला इथे काहीतरी काम आहे.

आणि काम होतं! माझ्या टपावर बटाट्यांची पोती असत, पाय बांधलेल्या मेंढ्या असत, जत्रेला निघालेल्या बँडचा मोठा ढोल असे. आत बायका पाठीवरची गाठोडी मांडीवर घेऊन बसत. कोणी उकडलेलं कणीस आणि चीज काढलं की शेजारणीला अर्धं दिल्याशिवाय खात नसे. घाट चढताना मी धापा टाकू लागले की मागून एखादी म्हणे, "चल गं म्हातारे, उतारावर तुझंच राज्य आहे!" सगळे हसत. मीही जोर लावत असे.

माझा ड्रायव्हर नेमेसियो. यानापाताचाच. अबोल माणूस. रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी तो माझ्याखाली शिरायचा, चारही चाकांमागे हात फिरवायचा, ब्रेकच्या नळ्या चाचपायचा. बोटाला तेल लागलं तर गाडी निघत नसे, मग बाजार चुको नाहीतर लग्न चुको. लोक वैतागायचे. पण कोणी त्याला बोलायचं नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, नेमेसियोचे वडील एका ट्रकच्या हौद्यात उभे राहून बाजारातून घरी येत होते. घाटात त्या ट्रकचे ब्रेक गेले. नेमेसियो तेव्हा लहान होता.

ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे जे घडलं त्यातला नीचपणा तेव्हाच तुम्हाला कळेल.

पुढे रस्त्यावर नव्या, वेगवान गाड्या आल्या. मी मागे पडले. पावसापाण्यात उभी राहून गंजू लागले. तेव्हा कुस्कोहून रिगोबेर्तो नावाचा एक माणूस आला. तो प्रवाशांना इंकांची जुनी ठिकाणं दाखवत फिरवायचा. माझ्याभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "जुनी आहे, फोटोत छान दिसेल." त्याने मला विकत घेतलं, रंग फासले, टपाचा अर्धा पत्रा कापला आणि नेमेसियोला ड्रायव्हर म्हणून ठेवून घेतलं.

त्यानंतरची माझी वर्षं कशी गेली सांगू? कुस्कोहून निघायचं. एक किल्ला. उतरा, फोटो, चढा. एक देऊळ. उतरा, फोटो, चढा. मग डोंगरउतारावरच्या शेतपायऱ्या. रिगोबेर्तो घड्याळ दाखवून ओरडायचा, "चला चला, अजून दोन अवशेष उरलेत!"

अवशेष! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. यानापाताच्या पायऱ्या बघा. नदीपासून डोंगराच्या खांद्यापर्यंत एकावर एक चढत गेलेल्या. प्रत्येक पायरीला दगडी बांध, प्रत्येक बांधाच्या आत खडी, खडीवर माती, मातीला वरून पाटाचं पाणी. इंकांच्या काळात ज्यांनी हे बांध रचले, त्यांचीच नातवंडं-पतवंडं आज तिथे मका लावतात. ज्या जमिनीतून यंदाचं कणीस निघतं तिला अवशेष कसं म्हणायचं? नेमेसियोची थोरली बहीण बासिलिया तिथे रोज राबते. तीही अवशेषच का?

तो रविवार होता. गाव बाजाराला गेलं होतं. बासिलिया तेवढी मागे राहिली होती, कारण पाण्याची पाळी तिची होती. ती वर, पाटाच्या मुखाशी दारं धरत होती. मका गुडघ्याला लागला होता.

त्या दिवशी माझ्यात लिमाहून आलेलं एक जोडपं होतं. लग्नाआधीचे फोटो काढायचे होते त्यांना. मुलीचं नाव फिओरेला. तिने काचेतून खाली पाहिलं आणि टाळी वाजवली.

"अय्या! ही गाडी त्या पायरीच्या काठावर उभी केली तर? मागे नुसती दरी! मी टपावर बसते."

"तुमच्यासाठी काय वाट्टेल ते," रिगोबेर्तो म्हणाला. "नेमेसियो, घे खाली."

रस्त्यावरून पहिल्या रुंद पायरीपर्यंत एक उताराची वाट जाते. पीक निघालं की गाढवं त्या वाटेने पोती वर आणतात. ती गाढवांची वाट आहे, माझी नाही.

नेमेसियोने किल्ली काढून मांडीवर ठेवली. "नाही, मालक. आज पाणी सोडलंय. माती ओली आहे, बांध पेलणार नाही."

"एक फोटो काढायचाय रे, नांगरायला नाही सांगत."

"तो माझ्या बहिणीचा मका आहे."

"मग बहिणीला सांग, मक्याचाही फोटो काढू." रिगोबेर्तो हसला. ते जोडपंही हसलं. मग त्याने नेमेसियोच्या मांडीवरची किल्ली उचलली. "उतर. तुला भीती वाटत असेल तर मी चालवतो."

नेमेसियो उतरला. तो भांडायला हवा होता, माझ्यापुढे आडवा पडायला हवा होता. पण ज्याचं मीठ खातो त्याच्याशी कसं भांडायचं हे त्याला कळत नव्हतं. तो नुसता उभा राहिला. त्याचाही मला राग आला.

मी उतरले. उतरवली गेले म्हणा. वाट जिथे पायरीला मिळते तिथे पाट आहे. माझ्या चाकाने पाटाचा काठाचा दगड फोडला आणि पाणी शेतात पसरू लागलं. रिगोबेर्तोने मागे वळूनही पाहिलं नाही. कोवळा मका माझ्या पोटाखाली कडाकड मोडत होता. त्याने मला पार काठावर नेऊन उभं केलं. फिओरेला टपावर चढली, हात पसरले, मान वळवली. "अजून एक. केस उडतायत का? अजून एक!" फोटो झाले. ती उतरली.

मग रिगोबेर्तोने मला मागे घ्यायला सुरुवात केली. ओल्या मातीत माझी चाकं जागच्या जागी फिरू लागली. त्याने आणखी जोर दिला. मी मागे जायची सोडून बाजूला सरकले, काठाकडे. आणि तेव्हा मला नेमेसियो दिसला. तो खालच्या पायरीवर उडी मारून बांधाला पाठ लावून उभा होता, दोन्ही टाचा मातीत रोवून. बांध फुगत होता आणि हा वेडा पाठीने तो धरून ठेवत होता!

"बाजूला हो!" फिओरेला किंचाळली. तो झाला नाही.

शेकडो वर्षं उभा असलेला बांध खचायला किती वेळ लागतो? एक दगड निखळला, मग सगळेच. माझी डावी चाकं हवेत लोंबकळली, पोट दगडांवर आपटलं. फुटलेल्या पाटाचं पाणी त्या खिंडारातून खाली धो धो कोसळू लागलं, माती घेऊन, मका घेऊन, एका पायरीवरून दुसरीवर. नेमेसियो बाजूला फेकला गेला. एक दगड त्याच्या उजव्या पावलावर पडला होता.

रिगोबेर्तो पलीकडच्या दारातून बाहेर आला. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. नेमेसियोजवळ जाऊन तो वाकला. मला वाटलं, उचलतोय.

"ऐक," तो म्हणाला. "तू गाडी वर रस्त्यात लावली होतीस. ब्रेक गेले, गाडी आपोआप खाली आली. गाडीत कोणी नव्हतं. कळलं? अपघात. डॉक्टरचं मी बघतो."

नेमेसियो पावलावरचा दगड दोन्ही हातांनी ढकलत राहिला.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय झालं हे मी शब्दांत सांगू शकत नाही. माझे ब्रेक! ज्यांना तो माणूस रोज हात लावून बघायचा ते ब्रेक! आणि हे कोणाला सांगितलं जात होतं? ज्याचा बाप ब्रेक गेल्याने मेला त्याला!

बासिलिया धावत आली तेव्हा लिमाची जोडी रस्त्यावर हात करून थांबवलेल्या दुसऱ्या गाडीत सामान ठेवत होती. तिने आधी कोणाकडेच पाहिलं नाही. मातीची ढेकळं आणि अंगावरची शाल कोंबून तिने पाट बुजवला. पाणी थांबल्यावर ती भावाकडे वळली.

"कोणी केलं हे?"

"ब्रेक गेले, मामिता," रिगोबेर्तो पुढे झाला. "यंत्र आहे, जुनं आहे. नेमेसियोने बघायला हवं होतं, पण जाऊ दे..."

"मी तुझी मामिता नाही. स्वतःच्या आईला मामिता म्हण, तिला तुझी लाज वाटेल." ती फिओरेलाकडे वळली. "पोरी, तू काय पाहिलंस?"

"आम्ही फोनमध्ये फोटो बघत होतो," फिओरेला म्हणाली. "आम्हाला काहीच दिसलं नाही." आणि गाडीचं दार लागलं.

बासिलियाने भावाला पाठीवर हात देऊन उठवलं, पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिलाही वाटलं असेल, यानेच आणली गाडी. नेमेसियो रात्रंदिवस गप्प. त्याचा पाय सुजून भोपळ्याएवढा झाला. गावात कुजबुज सुरू झाली की मालकासाठी याने स्वतःच्या बहिणीचा बांध पाडला.

गावकऱ्यांनी दोर लावून मला वर ओढलं. ओढताना माझं पोट दगडांवरून खरवडत गेलं आणि मागच्या डाव्या चाकाजवळ काहीतरी ठिबकू लागलं. मला कळेना, पाणी की तेल. तेल असेल तर कसलं तेल?

त्या आठवड्यात जुन्या वास्तूंच्या खात्याच्या अधिकारी बाई आल्या. रस्त्याच्या कडेला सगळं गाव जमलं. रिगोबेर्तो नवं जाकीट घालून आला होता. त्याने आपली कहाणी छान सांगितली, मधे मधे सुस्कारेसुद्धा टाकले. "मी कोणाला दोष देत नाही. पण गाडीची जबाबदारी ड्रायव्हरची. ब्रेक तपासले नाहीत, दुसरं काय?"

अधिकारी बाई नेमेसियोला म्हणाल्या, "इंकांचा बांध पडलाय. जबाबदारी तुमच्यावर आली तर परवाना जाईल, खटलाही होईल. तुम्हाला काही सांगायचंय?"

नेमेसियो काठीवर रेलून उभा होता. रिगोबेर्तोने त्याच्याकडे पाहून हळूच मान हलवली. हो म्हण, अशी. नेमेसियोने तोंड उघडलं, मिटलं. मी मनात ओरडत होते, बोल! एकदा तरी बोल!

बासिलिया गर्दीतून पुढे आली. आमच्याकडे भाऊ बहिणीला पानाय म्हणतो आणि बहीण भावाला तुराय. तेवढ्याच शब्दाने तिने त्याला हाक मारली.

"तुराय. खाली मान घालू नकोस. गाडी तू खाली नेलीस?"

"नाही."

"ब्रेक गेले होते?"

त्याने मान वर केली. "बाबा गेले त्या दिवसापासून माझ्या हाताखालच्या एका गाडीचे ब्रेक गेलेत का, पानाय? एकाच्या तरी?"

"हे तो म्हणणारच," रिगोबेर्तो म्हणाला. "पुरावा काय?"

"पुरावा?" बासिलिया म्हणाली. "थांब, देते."

ती तडक गाढवांच्या वाटेने खाली चालू लागली. पाटाजवळ, जिथे वाट पायरीला मिळते तिथे ती मधोमध उभी राहिली. हात कमरेवर. "बस गाडीत, तुराय. सोड खाली. तशीच सोड, जशी ती आपोआप आली म्हणे."

"अहो, हे काय!" अधिकारी बाई ओरडल्या. पण नेमेसियो तोवर माझ्यात चढला होता. सुजलेला पाय त्याने हाताने उचलून ब्रेकवर ठेवला.

मित्रांनो, मला भीती वाटली. माझ्या चाकाजवळचं ते ठिबकणं त्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तो माझ्याखाली शिरला नव्हता, पायामुळे शिरता येत नव्हतं. त्याने हँडब्रेक सोडला.

मी निघाले. बायका किंचाळल्या. "थांबवा! बाजूला व्हा!" अधिकारी बाई वाटेने धावत सुटल्या. बासिलिया हलली नाही. तिची टोपी मोठी मोठी होत माझ्या काचेत आली. नेमेसियोने पाय दाबला. पॅडल भसकन आत गेलं! माझ्या नळीत हवा शिरली होती. तो कळवळला, पाय उचलला, पुन्हा दाबला. थोडं लागलं. पुन्हा दाबला, वेदनेने ओरडतच दाबला, आणि उरलेल्या थेंबभर तेलानिशी मी चारही चाकं आवळून धरली. दगडांवर चाकं खरडली. मी थांबले. माझं नाक बासिलियाच्या घागऱ्याला लागलं होतं.

बासिलियाने माझ्या पत्र्यावर हात ठेवला.

अधिकारी बाई धापा टाकत उभ्या होत्या. त्यांनी सावकाश मान वळवून वर पाहिलं. रिगोबेर्तो होता तिथेच उभा होता. जाकिटाच्या खिशात हात घालून.

"तुमच्या मते या गाडीला ब्रेक नाहीत," त्या म्हणाल्या. "बाई खाली उभी राहिली. मी ओरडले. गाव ओरडलं. तुम्ही का नाही ओरडलात?"

रिगोबेर्तोने हात खिशातून बाहेर काढले.

"सांगा ना. ती मेली असती तरी चाललं असतं? की ब्रेक लागणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं?"

त्याचा चेहरा लाल झाला. मग तो फुटलाच. "अरे, एक भिंत पडली! एक! या डोंगरात हजार भिंती आहेत! मी माणसं आणतो म्हणून तुम्हाला कोणी विचारतं, नाहीतर कुत्रं फिरकलं नसतं इथे! तो फोटो बघितलात का? जगभर गेलाय!"

"फोटो कोणी काढायला लावला?" बासिलियाने खालून विचारलं. "गाडी तर रिकामी आली होती ना?"

आपण काय बोलून बसलो हे त्याला तेव्हा कळलं. गावातल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नेमेसियो माझ्या स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडत होता. मोठ्याने, लहान मुलासारखा. बासिलिया दारापाशी आली. "तुझ्यावर संशय घेतला मी," ती म्हणाली. "मार मला." तो रडतारडता हसला.

पुढे सगळं गोड झालं असं समजू नका. गावाने ठरवलं, बांध उभा राहीपर्यंत रिगोबेर्तोने सगळ्यांबरोबर दगड वाहायचे आणि गाडी गावात राहील. तो थोडे दिवस आला, हाताला फोड आले म्हणाला आणि कुस्कोला निघून गेला. खटला चालू आहे. त्याच्याकडे आता नवी गाडी आहे, रंगीत. मला न्यायला तो आला नाही.

बांध गावाने उभा केला. बायकांनी खडी वाहिली, म्हाताऱ्यांनी एकेक दगड फिरवून फिरवून बसवला. पहिला दगड ठेवताना जमिनीला चिचा, म्हणजे मक्याची दारू, पाजली आणि तिची माफी मागितली. माफी मागितली ती ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांनी. खालच्या पायऱ्यांवर त्या वर्षी मका आला नाही. बासिलियाने शेजारणीकडून बियाणं घेतलं. तिच्या आईच्या हातचं जांभळं बियाणं नदीला मिळालं, ते परत येणार नाही.

आणि तो फोटो? तो खरंच जगभर गेला आहे. सुंदर आहे म्हणतात. तो बघून आता लोक येतात, माझ्याजवळ थांबतात, फोन पुढे करून नेमेसियोला विचारतात, "ही नेमकी जागा कुठली? आम्हालाही अस्साच हवाय." नेमेसियो नवी पोती माझ्या टपावर चढवत असतो. तो म्हणतो, "चालत जा. कडेच्या वाटेने जा. बांधावर पाय देऊ नका." ते हो हो म्हणतात.

काल एक माणूस बुटाची नाडी बांधायला त्याच नव्या बांधावर चढला. बूट शेतातल्या मातीवर टेकवायला नको म्हणून! त्याच्याबरोबरचे सगळे उभे राहून बघत होते. त्यांच्यातल्या एकीला ते बरोबर वाटत नव्हतं, मला तिच्या तोंडावर दिसत होतं. पण ती काही बोलली नाही.

मित्रांनो, तुम्ही या. जरूर या. कणसं खा, डोंगर बघा, बांध बघून थक्क व्हा. पण तुमच्यातला कोणी बांधावर चढला तर त्याला तिथल्या तिथे खाली उतरवा. माझा हॉर्न दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही. तुम्हाला तर देवाने तोंड दिलं आहे!